गल्लीचं पुस्तक, देशाचं पुस्तक

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा दहा-पंधरा जण जमतो आणि सगळ्यांनी वाचलेल्या एका पुस्तकावर बोलतो. गेल्या खेपेला टोबायस जोन्स या इंग्रज पत्रकाराचं 'द डार्क हार्ट ऑफ इटली' होतं. जोन्स १९९९ मध्ये पार्मा शहरात राहायला गेला आणि २००३ मध्ये हे पुस्तक आलं. इटलीतले न संपणारे खटले, फुटबॉल, टीव्ही, चर्च आणि या सगळ्यावर पसरलेले तेव्हाचे पंतप्रधान बेर्लुस्कोनी, असा त्याचा ऐवज. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी सुरुवातीलाच बार उडवला, "उद्या एखादा गोरा चार वर्षं आपल्यात राहील आणि महाराष्ट्राच्या काळ्या काळजावर पुस्तक लिहील. चालेल का तुम्हाला?" समोरून एक प्राध्यापक बाई म्हणाल्या, "घरातल्याला घराचा वास येत नाही हो, तो पाहुण्यालाच येतो." दोन्ही वाक्यांना माना डोलल्या. मग दीड तास हीच दोन वाक्यं आलटूनपालटून फिरत राहिली. पुस्तक टेबलावर तसंच मिटलेलं.

मला दोन्ही बाजू सारख्याच चुकलेल्या वाटतात, कारण दोघांनीही लेखकाचा पासपोर्ट तपासला, वाक्यं तपासली नाहीत. परक्या देशातल्या रोजच्या जगण्यावरचं पुस्तक फसतं ते बहुतेक वेळा वाक्याच्या कर्त्यापाशी. 'इटालियन माणूस' हा कर्ता झाला, की पुढचं क्रियापद काहीही असो, वाक्य बिघडलंच म्हणून समजा. 'आमच्या जिन्यातली म्हातारी' कर्ता असेल, तर लेखक मँचेस्टरचा असो की मिलानचा, ते वाक्य सहसा उभं राहतं.

आता काकांच्या बाजूचं जे खरोखर वजनदार आहे, ते आधी मान्य करतो. इटलीकडे पाहण्याची उत्तरेकडच्या युरोपची सवय जुनी आहे. जर्मन कवी ग्योथे १७८६ मध्ये आल्प्स ओलांडून इटलीत उतरला, त्याच्या आधीपासून श्रीमंत घरातली इंग्रज पोरं शिक्षणाचा शेवटचा धडा म्हणून तिथे फिरत होती. त्यांच्या लेखी देश म्हणजे संग्रहालय आणि माणसं म्हणजे संग्रहालयाचे पहारेकरी. १९०९ मध्ये मारिनेत्ती या इटालियन कवीनं आपल्या जाहीरनाम्यात इटलीची प्राध्यापक, पुराणवस्तुवाले आणि वाटाड्ये यांच्यापासून सुटका करायची भाषा केली, तिच्यामागे याच पाहण्याचा वैताग होता. १९७७ मध्ये जर्मनीच्या 'डेर श्पीगल' साप्ताहिकानं मुखपृष्ठावर स्पॅगेटीची बशी छापली आणि वर पिस्तूल ठेवलं. सुट्टीला जाण्याचा देश म्हणजे अपहरण, खंडणी आणि वाटमारी, असा मजकूर. इटालियनांना ते चित्र अजून आठवतं. ते चित्र काढणाऱ्याला इटलीत घर भाड्यानं घ्यायचं नव्हतं.

दुसरी गोष्ट भाषेची. इंग्रजीतलं पुस्तक मुंबईपासून मेलबर्नपर्यंत जातं, त्याला इटालियनमध्ये दिलेलं उत्तर आल्प्ससुद्धा ओलांडत नाही. मीही इटली इंग्रजीतूनच वाचली आहे, आमच्या गटातल्या सगळ्यांनीच. हा तराजू वाकडा आहेच. आणि गोरा गोड बोलला म्हणून तो सरळ होत नाही. तस्कनीतलं पडीक घर विकत घेऊन ऑलिव्ह आणि सूर्यफुलांत रमणाऱ्यांची पुस्तकं मला जोन्सच्या पुस्तकापेक्षा जास्त खोटी वाटतात. त्यांत शेजारी फक्त गवंडीकाम करायला आणि जेवू घालायला येतात. त्या पुस्तकांवर मात्र आमच्या काकांना काही म्हणायचं नव्हतं. स्तुती करणारा परका चालतो?

हा वाद आपल्याला नवा नाही. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकन पत्रकार बाईंचं 'मदर इंडिया' आलं तेव्हा गांधीजींनी त्याला गटार तपासनिसाचा अहवाल म्हटलं. एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्याच लेखात पुढे त्यांनी जे म्हटलं ते कुणी सांगत नाही. मेयोबाईंनी आरोप ज्या रीतीनं मांडलेत ती रीत आपण नाकारू, पण त्यांच्या तळाशी असलेला खरा भाग नाकारून चालणार नाही. परदेशी माणसानं हे पुस्तक वाचू नये, भारतीयानं मात्र वाचून फायदा करून घ्यावा. एकच पुस्तक एका वाचकाला विष आणि दुसऱ्याला औषध, हे त्यांना एका बैठकीत लिहिता आलं. २००४ च्या जानेवारीत एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकावरून पुण्यात भांडारकर संस्थेची नासधूस झाली. १९२७ ते २००४ या सत्त्याहत्तर वर्षांत आपण पुढे आलो की मागे गेलो, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आणि आपल्याकडे आलेल्या इटालियनाचं काय? निकोलाव मनुची हा व्हेनिसचा पोरगा १६५६ च्या सुमारास हिंदुस्थानात पोचला, दारा शुकोहच्या तोफखान्यात राहिला, वैदू झाला आणि इथेच मेला. १६६५ मध्ये पुरंदरच्या वेळी तो मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत होता. एका रात्री तो राजाबरोबर पत्ते खेळत बसलेला असताना शिवाजी महाराज आत आले आणि हा कोण, कुठला, अशी त्याची विचारपूस केली, असं तो सांगतो. मनुची ऐकीव गोष्टी बिनधास्त ठोकून देतो, तारखांचा घोळ घालतो, स्वतःला हवा तेवढा मोठा करतो. आपल्या इतिहासकारांनी त्याला फेकून दिलं नाही, डोक्यावरही घेतलं नाही. 'मोगल लोक असे असतात' म्हणायला लागला, की त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. 'त्या रात्री तंबूत मी पत्ते खेळत होतो' म्हणाला, की कान टवकारायचे आणि दुसऱ्या साधनांशी ताडून पाहायचं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या व्हेनिसवाल्याला ही सवलत मिळते, तर पार्मात राहणाऱ्या इंग्रजाला का नको?

काकांच्या बाजूचा खरा गाभा परकेपणा नाहीच, लाज आहे. ही लाज आतल्या माणसालाही सोडत नाही. १९५२ मध्ये दे सिका या अस्सल इटालियन दिग्दर्शकानं पेन्शनवर न भागणाऱ्या एका म्हाताऱ्याची गोष्ट पडद्यावर आणली, 'उंबेर्तो डी'. सिनेमाखातं सांभाळणाऱ्या जुलिओ आंद्रेओत्ती या तरुण उपमंत्र्यानं जाहीर लेख लिहून त्याला सुनावलं, की जगाला इटली अशी दिसली तर तुम्ही देशाची वाईट सेवा केलीत. घरची धुणी घरात धुवावीत, हे वाक्य तेव्हापासून आंद्रेओत्तींच्या नावाला चिकटलं. २००६ मध्ये रोबेर्तो साविआनोनं नेपल्सच्या टोळ्यांवर 'गोमोर्रा' लिहिलं. तो नेपल्सचाच. त्या वर्षापासून तो पोलीस पहाऱ्यात आहे, आणि २०१० मध्ये पंतप्रधान बेर्लुस्कोनी म्हणाले, की असल्या पुस्तकांनी आणि मालिकांनीच माफियाची जाहिरात होते. मग याचा इलाज काय, साविआनोलाही परका ठरवायचं?

पार्मा विद्यापीठातले प्राध्यापक आल्बेर्तो ग्रांदी तर आणखी मासलेवाईक. इटालियन स्वयंपाकाच्या 'शेकडो वर्षांच्या परंपरा' बऱ्याचशा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आहेत, असं ते इटालियनमध्ये लिहीत होते, २०१८ मध्ये त्यांचं पुस्तकही आलं. मार्च २०२३ मध्ये हेच त्यांनी लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'ला सांगितलं. कार्बोनारा पास्त्यामागे अमेरिकी सैनिकांचा शिधा आहे, आणि मूळच्या पार्मेझानशी जुळणारं चीज आज अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनात मिळतं. झालं! 'कोल्दिरेत्ती' ही शेतकऱ्यांची बलाढ्य संघटना उसळून उठली, कारण त्याच सुमाराला सरकार इटालियन पाककलेचं नाव युनेस्कोकडे पाठवत होतं. (ते डिसेंबर २०२५ मध्ये यादीत लागलं, दिल्लीत भरलेल्या बैठकीत, आपल्या दिवाळीबरोबर.) मजकूर तोच, माणूस तोच. फक्त परक्यांच्या देखत बोलला. आपल्याकडे चारचौघांत बोललेल्या सुनेला जे ऐकावं लागतं, त्यापेक्षा हे फार वेगळं नाही.

मग प्राध्यापक बाई बरोबर? पाहुण्याला वास येतो म्हणून? तेही अर्धंच. जोन्सचं पुस्तक ज्या काळात लिहिलं गेलं तो काळ पाहा. एप्रिल २००१ मध्ये लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट'नं मुखपृष्ठावर छापलं, की बेर्लुस्कोनी इटलीचं नेतृत्व करायला लायक नाहीत. त्यांनी दावा लावला, आणि २००८ मध्ये मिलानच्या कोर्टानं तो फेटाळला. मधल्या काळात ते निवडून आले. देशातल्या तीन मोठ्या खासगी वाहिन्या त्यांच्या घरच्या, आणि पंतप्रधान म्हणून सरकारी वाहिनीवरही वजन. १८ एप्रिल २००२ ला बल्गेरियाच्या दौऱ्यावर सोफियात बोलताना त्यांनी एन्झो ब्याजी, मिकेले सांतोरो आणि दानिएले लुत्ताझी या तिघा टीव्हीवाल्यांची नावं घेऊन या तिघांनी सरकारी टीव्हीचा गुन्हेगारी वापर केल्याचं म्हटलं. तिघांचेही कार्यक्रम पडद्यावरून गेले. ब्याजी तेव्हा ऐंशी ओलांडलेले, इटलीच्या पत्रकारितेतले आजोबा. वास त्यांनाही येत होताच! त्यांचं नाक शाबूत होतं, माइक काढून घेतला होता. बाहेरच्या पत्रकाराची डोळस नजर वगैरे ठीक, पण त्या दोन-तीन वर्षांत त्याच्याकडची खरी चीज म्हणजे त्याचा पगार रोमच्या मर्जीवर नव्हता. ती सोय आहे, गुण नाही. सोयीचा उपयोग कोण कसा करतो, एवढाच प्रश्न.

जोन्सनं तो चांगला केला असं मला वाटतं, पण सगळीकडे नाही. १२ डिसेंबर १९६९ ला मिलानच्या पियात्सा फोंतानामधल्या बँकेत बॉम्ब फुटला, सतरा माणसं गेली, आणि तीस-तीस वर्षं खटले चालत राहिले. या एका प्रकरणाच्या मागे तो लागतो तेव्हा पानं हातातून सुटत नाहीत. नावं, तारखा, पोलीस ठाण्याच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून पडून मेलेला रेल्वे कामगार पिनेल्ली, त्या मृत्यूवरून पुढे झालेला पोलीस अधिकाऱ्याचा खून. कर्ता लहान आहे, घट्ट आहे. आणि मधूनच तो इटालियन माणूस सौंदर्यापुढे कायदा कसा विसरतो असल्या सुरात शिरतो, तेव्हा माझं मन पुस्तकातून उठून चहा करायला जातं.

हा सूर परक्यांचीच मिरास आहे असंही नाही. १९२१ मध्ये जुझेप्पे प्रेझ्झोलिनी या इटालियन लेखकानं लिहिलं, की इटालियन नागरिकांचे दोनच वर्ग, 'फुर्बी' आणि 'फेस्सी'. म्हणजे चलाख आणि बावळट. बावळट कोण? जो रेल्वेचं पूर्ण तिकीट काढतो, नाटकाला फुकट शिरत नाही, ज्याचा काका बड्या हुद्द्यावर नाही, जो खरं उत्पन्न सांगून कर भरतो, तो. हे मी गटात वाचून दाखवलं तेव्हा हशा पिकला, "अहो, हे तर आपलंच!" तिथेच तर मेख आहे. जे वाक्य ठाणे शहरात बसून आपलं वाटतं, त्यानं इटलीबद्दल काय सांगितलं? पुढे लुइजी बार्झिनी या मिलानच्या पत्रकारानं १९६४ मध्ये थेट इंग्रजीत 'दि इटालियन्स' लिहिलं, आणि २०१५ मध्ये इंग्रज पत्रकार जॉन हूपरनं त्याच नावाचं. एक आतला, एक बाहेरचा, मध्ये एक्कावन्न वर्षं, शीर्षक एकच. दोघेही हुशार आहेत, हूपरला तर त्या देशाच्या बातमीदारीचा दांडगा अनुभव. पण असलं शीर्षक लेखकाला ओढत नेतं. प्रत्येक प्रकरणाला सहा कोटी माणसांबद्दल काहीतरी म्हणावंच लागतं.

एवढा मोठा कर्ता किती महागात पडतो ते पाहायचं असेल तर एडवर्ड बॅनफिल्ड हा अमेरिकन अभ्यासक पाहावा. पन्नाशीच्या दशकात तो दक्षिणेतल्या क्यारोमोंते या खेड्यात काही महिने राहिला आणि १९५८ मध्ये निष्कर्ष छापला, की इथली माणसं आपल्या कुटुंबाच्या तात्पुरत्या फायद्यापलीकडे पाहतच नाहीत, म्हणून गाव मागे. गावात जमीन कुणाकडे आणि मजुरी किती, हे कारण म्हणून त्याला पुरेसं वाटलं नाही, स्वभाव पुरला. पुढे तो सिद्धान्त अख्ख्या दक्षिणेला आणि मग अख्ख्या इटलीला डकवला गेला. त्याच मुलखात १९३५-३६ मध्ये कार्लो लेव्ही नजरकैदेत होता. मुसोलिनीच्या विरोधात गेलेला तोरिनोचा डॉक्टर आणि चित्रकार. तो इटालियन होता खरा, पण त्या गावाला तो लंडनहून आल्यासारखाच. त्याची बोली वेगळी, अन्न वेगळं, देवसुद्धा वेगळा. ख्रिस्त एबोली गावापर्यंतच आला, आमच्यापर्यंत पोचलाच नाही, असं तिथली माणसं त्याला सांगत. लेव्हीनं स्वभावाचा सिद्धान्त काढला नाही. मलेरिया, कर, बकऱ्यांवरची पट्टी आणि अमेरिकेतून परतलेले लोक, एवढंच लिहिलं.

आतला म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न इटलीत तर फारच अवघड. देश १८६१ मध्ये एक झाला, रोम १८७० मध्ये मिळालं. एकीकरणाच्या वेळी प्रमाण इटालियन बोलता येणारे शंभरात अडीचच असावेत, असा भाषातज्ज्ञ तुल्लिओ दे मावरो यांचा हिशेब आहे. आपल्या चर्चच्या घंटाघराची सावली जिथवर पडते तिथवर आपला मुलूख, या वृत्तीला तिथे 'कांपानिलिझ्मो' असा खास शब्दच आहे. वेरोनाचा माणूस नेपल्सवर लिहितो तेव्हा तो आतला की बाहेरचा? सांगलीकरानं चंद्रपूरवर लिहावं तेव्हा आपण काय म्हणतो?

लहान कर्ता म्हणजे काय ते एका तिकिटावरून सांगतो. माझी भाची मिलानला शिकायला गेली. राहण्याच्या परवान्यासाठी पोस्टातून जाडजूड पाकीट आणायचं, अर्ज भरायचा आणि त्यावर सोळा युरोचं 'मार्का दा बोल्लो' चिकटवायचं, म्हणजे आपलं मुद्रांकाचं तिकीट. ते पोस्टात मिळेल या समजुतीनं ती चिठ्ठीवरचा नंबर धरून पाऊण तास बसली. खिडकीतल्या बाईंनी बाहेर बोट दाखवलं, तंबाखूच्या दुकानाकडे. तिथे सिगारेटी, लॉटरी, बसची तिकिटं, आणि एका यंत्रातून दुकानदारानं सरकारी तिकीट छापून दिलं. तिनं फोनवर सांगितलं, "मामा, हे लोक वेडे आहेत." मलाही गंमत वाटली होती. नंतर कळलं, की जुन्या दुकानांच्या पाट्यांवर अजून 'मीठ आणि तंबाखू' असं लिहिलेलं सापडतं. मीठ आणि तंबाखू दोन्ही सरकारच्या मक्तेदारीचे, ते विकायचा परवाना असलेलं दुकान गावोगाव, मग सरकारची तिकिटंही तिथेच. मिठाची मक्तेदारी सत्तरच्या दशकात संपली, दुकान उरलं. 'इटालियन माणसाला सरळ काम जमत नाही' हे वाक्य इथे किती पोकळ ठरतं! दुकानाला कर्ता केलं, की इतिहास आपसूक बाहेर येतो. मिठावरून सत्याग्रह केलेल्या देशात हे समजावून सांगायला नको.

म्हणूनच टिम पार्क्सचं 'इटालियन नेबर्स' मला आवडतं. तो पत्रकार नाही, कादंबरीकार आणि अनुवादक आहे. १९८१ पासून इटलीत, आणि १९९२ च्या त्या पुस्तकात वेरोनाजवळची एक गल्ली, एक इमारत, तिथले शेजारी. नंतर त्यानं रेल्वेवर लिहिलं, फुटबॉलच्या एका हंगामावर लिहिलं. जोन्सचाही प्रवास त्याच दिशेनं झाला. मधली काही वर्षं इंग्लंडात काढून तो पुन्हा पार्मालाच परतला. २०१२ मध्ये एका खुनाचं पुस्तक: पोतेंझातली शाळकरी मुलगी १९९३ मध्ये नाहीशी होते आणि २०१० मध्ये त्याच गावच्या चर्चच्या माळ्यावर तिचे अवशेष सापडतात. २०१९ मध्ये फुटबॉलवेड्या टोळ्यांवर. आणि २०२२ मध्ये फक्त पो नदीवर, मुखापासून उगमाकडे, ६५२ किलोमीटर. पहिल्या पुस्तकाच्या नावात अख्खा देश होता, या पुस्तकाच्या नावात एक नदी. त्याच उन्हाळ्यात पो इतकी आटली, की १९४३ मध्ये बुडालेला एक मालवाहू तराफा पात्रात उघडा पडला. पाणी कुठे गेलं हे सांगायला 'इटालियन स्वभाव' काय कामाचा?

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. जोन्स, हूपर, पार्क्स हे गोरे, शिकलेले, इंग्रजी लिहिणारे परके. त्याच पो नदीच्या खोऱ्यात पार्मेझानसाठी गाईंची धार काढणारे पंजाबीही परकेच. नोवेल्लारा गावात २००० साली त्यांचा गुरुद्वारा उभा राहिला. युरोपबाहेरून आलेल्याला नागरिकत्वाचा अर्ज करायला दहा वर्षं कायदेशीर वास्तव्य लागतं. ते पाच करावं म्हणून जून २०२५ मध्ये सार्वमत झालं, जेमतेम तीस टक्के लोक मतदानाला आले आणि कोरमअभावी ते बाद ठरलं. पहाटे चारला गोठ्यात शिरणाऱ्या त्या माणसाला इटलीचं रोजचं जगणं कुठल्याही पत्रकारापेक्षा जवळून ठाऊक आहे, पण त्याचं पुस्तक अजून आमच्या टेबलावर आलेलं नाही. त्याची मुलगी तिथल्या शाळेत इटालियनमध्ये निबंध लिहिते. ती पुस्तक लिहील तेव्हा काका तिला कुठल्या रांगेत उभं करणार?

बैठक संपल्यावर जोन्सचं पुस्तक परत द्यायला मी खाली गेलो. ते 'प्रवासवर्णने' या कपाटात असतं, खाली-वर युरोपच्या सहली. मी ग्रंथपाल ताईंना म्हटलं, "हा तिथेच घर करून राहिलाय, पोरं तिथल्या शाळेत जातात, वीजबिल भरतो. हे प्रवासवर्णन कसं?" त्यांनी चष्मा वर करून कार्ड पाहिलं. "प्रवास असंच लिहिलंय. बदलायचं तर समितीपुढे अर्ज द्यावा लागेल," म्हणाल्या, आणि खणातून छापील अर्ज काढून दिला. त्याला तिकीट लागत नाही, एवढं विचारून घेतलं.